खेकडा शिवेपर्यंत

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात डोंगरकड्याजवळच्या रानात खाण्याजोगं पानही उरलं नव्हतं. जमिनीखाली कडूकंद तेवढा होता. तो विषारी, पण कसा खायचा हे गावातल्या प्रत्येक बाईला जात्यावरच्या ओवीतून ठाऊक होतं.

कडूकंद चिर बाई, राख चोळ हातोहाती
ओढ्यात ठेव पाटी, वाहू दे सारी राती
खेकडा शिवला पाटी, कडूपणा गेला बाई
मग घाल लेकराला, तवर घाई न्हाई

दुपारी रुक्माबाई दुष्काळी कामावरून खडी फोडून आली, तेव्हा तिची सून चांगुणा चुलीपुढं बसली होती. पातेल्यात पिवळसर चकत्या शिजत होत्या.

"पाटी कुठं ठेवली व्हतीस गं?"

"रांजणात, आत्याबाई. ओढ्यात पाणी हाय कुठं? प्यायच्या झिऱ्यात ठेवली असती तर गावानं जोड्यानं हाणलं असतं मला."

"वाहतं पाणी लागतं, चांगुणा."

"पाणी बदललं की. राख बी बराबर लावली."

"अन् खेकडा?"

"त्याला आता आवतन धाडू व्हय?" चांगुणा हसली.

रुक्माबाईनं एक चकती जिभेच्या टोकाला लावली. जीभ आधी चुरचुरली, मग बधिर झाली. तिनं चकती चुलीत फेकली.

"सोजर कुठं हाय?"

नात कणगीमागं बसली होती. मुठीत अर्धी चकती होती.

"आज्जी, घशात काटे टोचत्यात."

"म्या न्हाई दिलं!" चांगुणा ओरडली. "आत्याबाई, म्या न्हाई दिलं!"

"मीठ आण."

मिठाचं पाणी पाजून रुक्माबाईनं पोरीच्या घशात बोट घातलं. पोरीनं ओकलं. तिचे हात गार पडले होते. पुन्हा पाजलं. चांगुणा तळपाय चोळत राहिली. पोरगी तिसऱ्यांदा ओकली आणि तिनं मोठ्यानं भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून दोघी खाली बसल्या. हळूहळू पोरीच्या ओठांवर रंग आला.

"ओवी खोटी हाय का, आत्याबाई?"

"न्हाई. पण तिला ओढा लागतो."

सोजरचं रडणं हुंदक्यांवर आलं. तेव्हा कुडापलीकडून विळीची खरखर ऐकू आली. शेजारची कमलबाई सकाळीच रानातून कडूकंद खणून घेऊन आली होती. तिच्या घरात चार लेकरं. चिरता चिरता ती गुणगुणत होती, "मग घाल लेकराला…"

रुक्माबाई तशीच अनवाणी, तापलेल्या फुफाट्यातून कमलबाईच्या दाराकडं पळत सुटली.