मजलिसमधला गहवा

शेखांच्या मजलिसला, म्हणजे त्यांच्या भेटीच्या बैठकीला, निघताना दत्तप्रसादच्या हिशेबात सगळी जमाच होती. साहेबांनी एक शब्द टाकला की शेख तक्रार मागे घेणार, धाकट्या भावावरची, शैलेंद्रवरची, प्रवासबंदी उठणार आणि तो कुडाळच्या इस्पितळात आईच्या उशाशी पोचणार. खर्चात काय, तर साहेबांचा एक शब्द.

शैलेंद्र शेखांच्या रास अल खोरच्या गोदामात सुपरवायझर. माल कमी भरला, सही याची होती. दत्तप्रसाद नुकताच आईला भेटून आला होता, पण ती धाकट्याचंच नाव घेत होती.

साहेब म्हणजे एडमंड पेल्हम. आधी ब्रिटनचे राजदूत, मग वीस वर्षं शेखांचे राजकीय सल्लागार. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं मिटवली, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. ही शिल्लक त्यांच्या सेक्रेटरीला, म्हणजे दत्तप्रसादला, पक्की ठाऊक होती.

"गहवा लगेच पिऊ नका हं, सर," त्याने गाडीत आठवण केली. पाहुण्याने या अरबी कॉफीचा कप न पिता खाली ठेवला की यजमानाने ओळखायचं, काही मागणं आहे. ते मान्य झालं की मगच पाहुणा पितो.

"दत्ता, हे तू मला शिकवतोस?" साहेब हसले. "काम होईल, इन्शाल्ला."

मजलिसमध्ये साहेबांनी कप खाली ठेवला. शेख पुढे झुकले. "बोला, हबीबी."

"माझं काँट्रॅक्ट संपतंय," साहेब म्हणाले. "इंग्लंडात माझं कोणी उरलं नाही. मार्गारेटची कबर इथे आहे. मला इथेच राहू द्या."

"खलास, ठरलं! राहिलात समजा." शेखांचे डोळे पाणावले. साहेबांनी कप उचलला. दत्तप्रसादकडे पाहिलं नाही.

मग दत्तप्रसादच्या हाती कप आला. शेख मायेने म्हणाले, "आणि तुझं काय रे?"

कप नुसता खाली ठेवायचा होता. पण साहेबांच्या मागण्याला आपलं शेपूट कसं जोडायचं? वीस वर्षांची शिस्त आड आली. त्याने गहवा एका घोटात संपवला आणि कप हलवून परत दिला. म्हणजे बास, काही नको.

"फार संयमाने वागलास," परतताना साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पुढच्या भेटीत नक्की."

"हो, सर."

आई मंगळवारी गेली. दत्तप्रसादला वेळेत विमान मिळालं नाही. चुलतभावाने दिलेला अग्नी शैलेंद्रने अल क्वोजच्या कामगार वस्तीतल्या खोलीत फोनवर पाहिला.

"दादा, शेखांनी नाही म्हटलं?"

"नाही म्हणायला कोणी विचारलंच नाही रे."

साहेबांना मुक्काम मिळाला, शेखांना उदारपणाचं नाव, दत्तप्रसादला शाबासकी. चुकतं केलं ते आईने, शेवटपर्यंत दाराकडे बघत. आणि उरलेलं शैलेंद्र अजून फेडतोय.