एकतिसावा थर

झाड अगातने स्वतः निवडलं होतं, आणि कॅनडातल्या ओडानाक या आदिवासी वस्तीत टोपल्या विणणाऱ्यांकडे याहून मोठी परीक्षा नाही. काळ्या अ‍ॅश झाडाचं खोड कुऱ्हाडीच्या पाठीने बडवत राहिलं की एकेका वर्षाचा थर पट्टीसारखा सुटतो. त्याच पट्ट्यांची टोपली. किडीने दलदलीतली निम्मी झाडं खाल्ली होती. म्हणून अझेलिक मावशीने आधीच बजावलं होतं, झाड वाया घालवलंस तर पुन्हा कुऱ्हाडीला हात लावायचा नाही.

"बुंध्याशी मानाचा तंबाखू ठेवलास? विचारलंस झाडाला?"

"हो मावशी."

"काय म्हणालं?"

"काही नाही. वारा सुटला."

"शहरात राहून बहिरी झालीस," मावशी म्हणाली.

आई माली वारली तेव्हा अगात चार वर्षांची होती. बापाने तिला मॉन्ट्रियलला नेलं. आता एकतिसाव्या वर्षी ती आईची कला शिकायला परत आली होती. आल्या आल्या तिने विचारलं होतं, टोपलीखाली मी कुठली खूण कोरायची? मावशी फिस्सकन हसली होती. "टोपलीचा पत्ता नाही आणि बाईसाहेबांना खूण हवी!"

पहिले वीस थर सुरेख निघाले. मावशीला नाव ठेवायला जागा मिळेना, तिचं तोंड एवढंसं झालं. मग मात्र प्रत्येक पट्टी एकाच ठिकाणी मोडू लागली. पंचविसावी मोडली, अठ्ठाविसावीही मोडली.

"आत जखम आहे. आंधळ्यालाही कळलं असतं!" मावशी कडाडली.

अगातचे हात फोडांनी भरले होते. रडू आवरत ती बडवत राहिली. चौथ्या दिवशी दुपारी एकतिसावा थर उघडा पडला, आणि तिथे चाकूने कोरलेल्या दोन तिरक्या रेघा होत्या, मध्ये एक ठिपका.

मावशीने अंगठा फिरवला.

"ही मालीची खूण. प्रत्येक टोपलीखाली असायची."

अगातने कुऱ्हाड खाली ठेवली.

"तू आठ दिवसांची होतीस," मावशी हळूच म्हणाली. "ओली बाळंतीण चाकू घेऊन दलदलीत गेली. म्हणाली, लेकीसाठी झाड राखून आलेय. कुठलं, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही बयेने. मनगटाएवढं असेल तेव्हा. पोरी, हेच का निवडलंस?"

"माहीत नाही. पाय तिथेच थांबले."

एकतीस वर्षं झाडाने ती खूण पोटात सांभाळली होती. अगातने कपाळ खोडाला टेकवलं. आईचा हात जिथे टेकला होता, तिथेच.

मावशीने कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर तंबाखू त्या रेघांवर ठेवला आणि नाक पुसलं.

"उचल कुऱ्हाड. आतले थर धड असतील. आणि टोपलीखाली कुठली खूण कोरायची, ते आता मला विचारू नकोस."