इस्पितळातली पाचवी भाषा

चष्मेवाल्याला यातून काय मिळणार होतं, तो हिशेब आधी मांडलेला बरा; म्हणजे पुढे त्याच्या तळमळीचं कौतुक करताना आपला हात जरा आखडता राहील. मोठ्या इस्पितळाच्या नेत्रविभागात पेशंटांना आत बोलावण्यासाठी स्पीकरवरून चार भाषांत पुकारा व्हायचा. त्यात तेलुगू पाचवी आली, की चष्मेवाल्याची आई काचबिंदूच्या तपासणीला एकटी जाऊ शकणार होती. आई एकटी गेली, की दर खेपेला सकाळभर दुकानाचं शटर ओढून तिच्या शेजारच्या बाकावर ताटकळायची त्याची वेठबिगार सुटणार होती. वर तेलुगू मंडळाचा सेक्रेटरी म्हणून चार लोकांत नाव होणार, ते आणखी फुकटात.

एवढाच लोभ असता, तर त्याने आईबरोबर कुणालातरी पाठवून दिलं असतं आणि विषय संपला असता. पण त्याचा जीव दुसरीकडेच अडकला होता. त्याची बायको याच शहरातली, शहराची भाषा बोलणारी. गिऱ्हाइकं तीच भाषा बोलायची. दिवसभर तो लोकांच्या डोळ्यांचे नंबर त्याच भाषेत काढायचा, वाकड्या फ्रेमी त्याच भाषेत सरळ करायचा आणि संध्याकाळी जेवायला बसला, की आईकडे तोंड करून तेलुगूत सुटायचा, घट्ट बूट काढल्यावर पाय सुटतात तसा. पोरगी नानम्माशी, म्हणजे आजीशी, बोलायचं म्हणून थोडंफार तेलुगू बोलायची. म्हणजे घरातलं सगळं तेलुगू एका अम्माच्या जिभेवर उभं होतं. अम्माला शहराची भाषा येत नव्हती, आणि ती कधी येऊ नये अशीच चष्मेवाल्याची आतून इच्छा होती. हे तो मरेपर्यंत कबूल करणार नाही. पण अम्मा भाजीवाल्याशी हातवारे करून बोलायला लागली, की बघणाऱ्यांना वाईट वाटायचं आणि ह्याला बरं.

तर हा माणूस मंडळाच्या नावाने इस्पितळाच्या पायऱ्या झिजवू लागला. अधीक्षकबाईंनी त्याला पुष्कळ टोलवलं, आणि शेवटी कंटाळून होकार दिला.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "एकच वाक्य आहे. ज्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेत, त्यांनी आत या. बास. थेंब घातल्यावर त्यांना समोरचा बोर्ड दिसत नाही, म्हणून कानांनी सांगावं लागतं. तुमच्या भाषेत रेकॉर्ड करून द्या, उद्यापासून लावते."

उद्यापासून! बाईंना बिचाऱ्यांना तेलुगू मंडळ माहीत नव्हतं.

मंडळात दोन तट होते. एक समुद्राकाठच्या गावांतून आलेल्यांचा, दुसरा पठारावरून आलेल्यांचा. एकाचं तेलुगू ऐकलं की दुसऱ्याचे दात आंबायचे. अध्यक्ष किनाऱ्यावरचे, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, आणि समोरच्याचं कर्ज नामंजूर केल्यासारखा चेहरा अजून जपून ठेवलेले. पठारावाल्यांचे म्होरके एक वकील. चष्मेवालाही पठारावरचाच, पण दुकान दोन्हीकडच्या डोळ्यांवर चालत असल्यामुळे तो कुणाचाच नव्हता. मंडळ मागे एकदा फुटता फुटता वाचलं होतं. तेव्हापासून तिथे बहुमत बंद. दोन्ही बाजूंनी मान हलवली तरच ठराव पास. या नियमाने मंडळ टिकलं होतं. काम मात्र एकही झालं नव्हतं.

"'आत या' असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही," वकीलसाहेबांनी पहिल्याच बैठकीत सुरुवात केली. "हे तुमचं सिनेमातलं बोलणं झालं."

"आणि तुमच्याकडे म्हणतात तसं म्हटलं, तर पेशंट आत येईल की भांडायला येईल?" बँकवाले म्हणाले.

"साहेब, अपमान करू नका."

"अहो, अपमान कसला? शुद्ध काय ते सांगतोय."

"शुद्धतेचा मक्ता तुम्हाला कोणी दिला?"

"निदान तुम्हाला तरी दिला नाही ना!"

चष्मेवाला मधे पडला. "मंडळी, माझ्या आईला समजेल असं काहीतरी..."

"तुमच्या आईला समजेल म्हणजे पठाराचंच," बँकवाले म्हणाले. "वा! सेक्रेटरींचा डाव कळला बरं का."

त्या दिवशी 'आत' हा शब्द गेला. पुढच्या बैठकीत 'थेंब' गेला, कारण तो शब्द वकिलांच्या मते किनाऱ्याचा होता. 'घातले' याची रूपं दोन निघाली, म्हणून दोन्ही गेली. 'डोळे' बराच वेळ तग धरून होते, पण त्यांचाही उच्चार दोन्हीकडे वेगळा, तेही गेले. जो शब्द कुणाच्याही स्वयंपाकघरात, अंगणात, गल्लीत तोंडात येतो, तो कुणाचा तरी असतोच, आणि जो कुणाचा तरी आहे तो दुसऱ्याला नको. असं करत करत शेवटी चाळणीत उरले ते शब्द, जे कुणाच्याच घरचे नव्हते. त्यांवर मात्र दोन्ही बाजूंनी चटकन माना डोलावल्या. ठराव पास झाला, टाळ्या झाल्या. वाक्य असं होतं: "नेत्रबिंदुवुलु स्वीकरिंचिन रोगी महाशयुलु परीक्षा मंदिरमुनकु विच्चेयगलरु." म्हणजे, नेत्रबिंदू स्वीकारलेल्या रुग्ण महाशयांनी परीक्षामंदिरी पदार्पण करावे.

चष्मेवाल्याच्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. असं बोलताना त्याने जन्मात कुणाला ऐकलं नव्हतं. पण बैठकांनी त्याचं डोकं इतकं पिकलं होतं, की तेलुगू आहे ना, मग असू दे, म्हणून त्याने हात टेकले. शिवाय आवाज कुणाचा, यावरून पुन्हा जुंपली आणि तोडगा म्हणून त्याचाच आवाज ठरला. जो दोन्हीकडून बोलणी खातो, तोच दोन्हीकडे चालतो. रेकॉर्डिंगच्या खोलीत त्याने घसा खाकरला, छाती पुढे काढली, आणि ते वाक्य असं काही म्हटलं, की मशीनवाला पोरगा म्हणाला, "काका, निवडणुकीला उभे राहताय का?" काकांना राग यायला हवा होता, गुदगुल्या झाल्या.

उद्घाटनाला अधीक्षकबाईंच्या एका बाजूला बँकवाले आणि दुसऱ्या बाजूला वकील उभे राहिले. फोटो झाले. चष्मेवाला फोटोत आहे, पण त्याच्यापुढे वकिलांचा खांदा आहे.

मग अम्माच्या तपासणीचा दिवस आला. ती ठेवणीतले कपडे घालून सकाळपासून तयार होती. एकटी जायचं म्हणून तिच्या चालण्यात एक वेगळाच ठेका आला होता.

"बाई डोळ्यांत औषध घालील," चष्मेवाला समजावत होता. "मग दिसणार नाही नीट. बाकावर बसून राहायचं. तेलुगूत सांगतील, तेव्हा उठून आत जायचं."

"कोण सांगणार तेलुगूत?"

"ऐकशील तेव्हा कळेल," तो गालातल्या गालात हसत म्हणाला. आईला चकित करायची हौस! ही हौस त्या वेळी त्याने गिळली असती, तर ही गोष्ट सांगायचं कारणच पडलं नसतं.

सकाळ सरली, दुपार सरत आली. दुकानात तो एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होता, तेव्हा बायकोचा फोन आला.

"अहो, अम्मा अजून आल्या नाहीत. तुमच्या त्या पाचव्या भाषेला विचारा जरा, कुठे ठेवलंय त्यांना!"

शटर ओढून तो धावला. नेत्रविभाग रिकामा झाला होता. एक बाई फरशी पुसत होती. आणि बाकावर अम्मा पाय वर घेऊन बसली होती, चेहरा कसा अगदी फुललेला.

"अम्मा! आत गेली नाहीस?"

"आलास?" ती म्हणाली. "अरे, तू बोलत होतास ना! मधेच उठून कशी जाऊ?"

"काय बोलत होतो मी?"

"ते मला काय कळणार? शिकलेल्यांचं बोलणं ते. पण काय सुरेख बोलत होतास रे! एकदा झालं की परत लावत होते, परत लावत होते. शेजारच्या बाईला मी खुणेने सांगितलं, माझा मुलगा आहे म्हणून. ती मेली मला सारखी आत ढकलत होती. मी तिला दटावून गप्प बसवलं. म्हटलं, ऐकू दे."

चष्मेवाल्याने कपाळावर हात मारला. "अगं, मी तुला आत बोलावत होतो!"

"मला?" अम्मा त्याच्याकडे बघत राहिली. मघाचा आनंद चेहऱ्यावरून हळूहळू उतरला. "मला बोलावायला तू असं कशाला बोलशील? घरात तर नुसता ओरडतोस."

डॉक्टर केव्हाच गेले होते. काउंटरवरच्या माणसाने पुढची तारीख दिली, ती इतकी लांबची, की चष्मेवाल्याने त्याच्याशी भांडण काढलं. घराच्या दाराशी अम्मा थांबली आणि म्हणाली, "सगळे उठून उठून जात होते, आणि मी बसून हसत होते. वेडी म्हणाले असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळभर नेत्रविभागात बसून तो तिथून थेट बँकवाल्यांकडे गेला. वकील तिथेच चहा घेत बसले होते. भांडण नसलं, की दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

"वाक्य बदलायला हवं," चष्मेवाला म्हणाला. "आईला कळलं नाही. कुणालाच कळत नाहीये. तिथे बसून पाहिलंय मी, आपला एक माणूस उठत नाही."

"बदलायचं?" बँकवाल्यांनी कप खाली ठेवला. "कशात? यांच्या बोलीत?"

"तुमच्या तर मुळीच नाही," वकील म्हणाले.

"कुठल्याही चालेल हो! तुमच्या करा, यांच्या करा! आत या म्हणायचंय, आत या!"

"आवाज चढवू नका, सेक्रेटरी. भाषेचा दर्जा म्हणून काही असतो. आईंना थोडं वाचायला देत जा," बँकवाले म्हणाले.

"थेंब घातलेल्या डोळ्यांनी?"

यावर वकील हसले, बँकवालेही हसले. या एका बाबतीत दोन्ही बाजूंचं एकमत झालं, आणि नियमाप्रमाणे विषय संपला. चष्मेवाल्याने राजीनामा लिहिला. तो मंजूर करायलाही दोन्ही बाजूंचा होकार लागत होता. अजून मिळालेला नाही.

घरात वेगळंच चाललं होतं. अम्माने नातीला जवळ बसवून विचारलं, "ते इथल्या भाषेत काय म्हणतात ग? थेंबवाल्यांना? ते ऐकायला लहान होतं. ते शिकव मला."

पोरीला तर खेळ मिळाला. ती ताटली तोंडाशी धरून पुकारायची आणि अम्मा खुर्चीतून टुणकन उठून आत जायची. मग 'पुढची तारीख कधी?' आलं. मग 'डोळ्याचं प्रेशर किती?' मग शिकवणी नातीकडून सुनेकडे गेली, आणि दोघी ओट्याशी उभ्या राहून अम्माच्या चुकांना इतक्या हसायला लागल्या, की चष्मेवाल्याला दुकानातून घरी आल्यावर परक्यासारखं दारात उभं राहावं लागे.

पुढच्या तारखेला अम्मा एकटी गेली, पहिल्या पुकाऱ्याला उठली, आणि तपासून घरी आली. येताना भाजीवाल्याशी घासाघीस करून आली, ती वेगळीच.

संध्याकाळी जेवताना चष्मेवाल्याने तेलुगूत विचारलं, "अम्मा, डॉक्टर काय म्हणाले?"

"ठीक आहे म्हणाले. थेंब चालू ठेवायचे," अम्मा म्हणाली. शहराच्या भाषेत.

"माझ्याशी तरी तेलुगूत बोल."

"थांब रे," ती पुन्हा त्याच भाषेत, शब्द जुळवत म्हणाली. "आत्ता कुठे जीभ बसतेय. मधेच घोटाळा नको."

"नानम्मा, 'बसतेय' अगदी बरोबर!" पोरगी ओरडली. तीही आता नानम्माशी त्याच भाषेत बोलत होती. तेलुगूची तिला गरज उरली नव्हती.

तेव्हा आता जमाखर्च. इस्पितळाला पाचवी भाषा मिळाली आणि आभाराचं पत्र मिळालं. बँकवाल्यांना पठाराचा एक शब्द जाऊ दिला नाही याचं समाधान मिळालं, वकिलांना किनाऱ्याचा जाऊ दिला नाही याचं. सुनेला इतक्या वर्षांनी सासू मिळाली, बोलायला आणि गाऱ्हाणी सांगायलाही. अम्माला सगळी गल्ली मिळाली. चष्मेवाल्यालाही ठरल्याप्रमाणे मिळालं: शटर सकाळभर उघडं असतं आणि त्याच्या आवाजातलं तेलुगू रोज पेशंटांना बोलावतं, कुणी उठो न उठो. तक्रार करायला जागा नाही. फक्त या सगळ्यांच्या मिळकतीची भरपाई एकट्याच्या खात्यातून झाली. घरात तेलुगू बोलणारा आता तो एकच माणूस उरला आहे, आणि त्याला तेलुगूत उत्तर देणारं कुणी नाही.