पलीकडे कोणीच नव्हते

मित्रांनो, मी एक जुना काळा टेलिफोन आहे. गोल तबकडीचा, अंगाने दणकट. माझ्यासारखे फोन तुम्ही घरात पाहिले नसतील, पडद्यावर मात्र नक्की पाहिले असतील. आणि बहुधा तो मीच असेन, कारण माझे सारे आयुष्य चित्रीकरणात गेले आहे. माझ्यावर शेकडो अपघात कळवले गेले, ठरलेली लग्ने मोडली, खलनायकांनी धमक्या दिल्या. आणि या सगळ्या काळात पलीकडून एक अक्षरही कोणी बोलले नव्हते. माझी तार टेबलामागे जाऊन नुसतीच लोंबकळायची.

कारखान्यात तपासणीच्या वेळी माझ्या पाठीवर एक चीर सापडली. माझे भाऊबंद लोकांच्या घरी गेले आणि मी गेलो चित्रीकरणाचे सामान भाड्याने देणाऱ्याच्या दुकानात. "चीर भिंतीकडे केली की झालं," तो म्हणाला. आतून मी धडधाकट होतो, पण ते विचारतो कोण! त्याने मला फळीवर एका लाल फोनाशेजारी बसवले. तोही माझ्यासारखाच, नाकारलेला.

सुरुवातीचे दिवस चांगले होते. एका सिनेमात नायिका मला हळूच उचलायची. ती थांबायची, ऐकायची आणि मग बोलायची. मी तिच्या कानाशी मुकाच असायचो, तरी मला वाटायचे, आपणच काही बोललो की काय! त्या प्रसंगाचे लोकांनी फार कौतुक केले. मला खिसा नाही, नाहीतर त्यातला थोडा वाटा मी खिशात घातला असता.

मग रोजच्या मालिका आल्या. रोज एक भाग पुरा करायचा, म्हणजे सगळीच घाई. पाठांतराला वेळ नाही, म्हणून एक जण खोट्या भिंतीआड बसून वाक्ये सांगायचा आणि नट ती झेलून पुढे फेकायचे. त्यात फोनवर पलीकडचे ऐकायला थांबायचे, तर तेवढा वेळ फुकट. त्यावर त्यांनी नामी तोड काढली: पलीकडच्याचे बोलणेही आपणच बोलून टाकायचे. "हॅलो! काय? अपघात? कुठे? पुलावर? नाही!" सगळे एका दमात! बिचाऱ्या पलीकडच्याने तोंड कधी उघडले, कोणास ठाऊक. मग माझा रिसीव्हर हातातून पडायचा, दरवेळी, आणि कॅमेरा घरातल्या एकेकाच्या तोंडावर जाऊन आदळायचा. सासूच्या, दिराच्या, पाणी घेऊन आलेल्या मोलकरणीच्यासुद्धा. माझ्या अंगावर एकाच्या चार चिरा झाल्या त्या तेव्हा.

या कलेतला सगळ्यात नामांकित माणूस म्हणजे एक काका. वर्षानुवर्षे तो मालिकांतला बाप होता. भुवया कपाळावर चढवायच्या, छातीवर हात मारायचा आणि थरथरायचे, हे त्याचे भांडवल. माणूस मनाने चांगला. मला टेबलावर ठेवताना पुसून ठेवायचा. पण अपघाताच्या एका प्रसंगात त्याने मला चक्क उलटा धरला. बोलायचे टोक कानाला, ऐकायचे तोंडाला. घाईत कोणाच्याच ते लक्षात आले नाही.

पुढे लोक सगळे काही आपापल्या मोबाइलवर बघू लागले. हवे तिथे थांबवायचे, मागे न्यायचे, पुन्हा बघायचे. पूर्वी डोळ्यांसमोरून निसटून जाणारा वाईट अभिनय आता पकडला जाऊ लागला. माझा उलटा प्रसंग कोणीतरी नेमका कापून काढला आणि तो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरला. लोक पोट धरधरून हसले. काकाचे नाव पडले 'हॅलोबाबा'. मालिका संपली आणि त्याला पुन्हा कोणी बोलावले नाही.

मीही बराच काळ फळीवर धूळ खात पडलो. मग जुन्या काळावरच्या वेब मालिका निघाल्या आणि माझे दिवस फिरले. पण मित्रांनो, तिथे सगळे उत्तमच होते असे समजू नका. एक तरुण नायक माझ्या तबकडीच्या भोकात बोट घालून बटणासारखे दाबत बसायचा. काहींनी कुजबुजणे म्हणजेच अभिनय अशी समजूत करून घेतली होती. ते काय बोलतात हे तोंडाशी असूनही मला कळायचे नाही, आणि प्रेक्षक आपल्याच भाषेतली मालिका खाली उमटणारी अक्षरे वाचून बघायचे.

अशाच एका मालिकेच्या सेटवर मला काका पुन्हा भेटला. त्याच्या डोळ्याचे नुकतेच ऑपरेशन झाले होते, म्हणून त्याची मुलगी गाडी चालवत त्याला घेऊन आली होती. भूमिका छोटी, बापाचीच. दूर गेलेली, वर्षभर न बोललेली मुलगी फोन करून सांगते की ती घरी परत येते आहे. बापाला फक्त मधूनमधून 'हं' म्हणायचे आणि शेवटी 'बरं'.

एवढेसे काम, पण ते त्याला जमेना. त्याने छाती बडवली, भुवया चढवल्या, 'हं' असे काही म्हटले की दिवेवाला दचकला.

"काका, जरा कमी करा," तरुण दिग्दर्शिका म्हणाली.

"किती कमी करू?"

त्याने कमी केले, तर नुसता पुतळा झाला. घामाने माझा रिसीव्हर निसरडा झाला होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमले नाही तर दुसऱ्या नटाला बोलावणार, हे त्याला सकाळीच सांगितले होते. हे काम गेले की मागे फक्त 'हॅलोबाबा' उरणार, हे त्याला ठाऊक होते. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली त्याची मुलगी मान खाली घालून नखे खरवडत होती. मला त्या दोघांचीही फार दया आली.

शेवटी दिग्दर्शिका त्याच्याजवळ येऊन बसली. "काका, पलीकडून ती नक्की काय म्हणतेय?"

"पलीकडून?" काका गोंधळला. "पलीकडे कोण असणार, मॅडम? हा फोन बंद आहे."

सगळे हसले. पण तो विनोद करत नव्हता. इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. हसणे थांबल्यावर तोच हळूच म्हणाला, "तुम्हाला चालू करता येत असेल, तर बघा ना."

आवाजाचे काम बघणाऱ्या माणसाने मला उघडले. आत सगळे जागच्या जागी पाहून तो खूश झाला. त्याने दुकानातून माझा शेजारी लाल फोन मागवला, तो मेकअपच्या खोलीत ठेवला, आमच्या दोघांमध्ये लांब वायर टाकली आणि एक बॅटरी जोडली. मालिकेतल्या मुलीचे काम करणारी नटी त्या दिवशी नव्हती. दिग्दर्शिकेने काकाच्या मुलीच्या हातात कागद दिला. "तुम्ही वाचाल?"

"मला नाही हो अभिनय येत," ती म्हणाली.

"तेच बरंय."

आणि मित्रांनो, माझ्यातून पहिल्यांदा आवाज आला! सरकारी सूचना वाचावी तसे ती वाचत होती, पण मला ते गाणे वाटले. काकाला मात्र सवय नडली. तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत तो 'हं' म्हणाला. पुन्हा मध्येच 'हं'. तेव्हा कागद सोडून ती वैतागून बोलली, "बाबा, थांबा ना जरा. घरी पण असंच करता. माझं बोलून तरी होऊ दे."

काकाने पुढचा 'हं' गिळला. त्याने मला कानाशी घट्ट धरले. तिकडे कागद पुन्हा सळसळला, मग तिचा आवाज खाली आला आणि तिने कागदावरचे वाक्य सांगितले, "बाबा, मी परत येतेय. कायमची."

तो थांबला. भुवया होत्या तिथेच होत्या. हात छातीकडे गेला नाही. त्याने एक श्वास सोडला, इतका मोठा की तो माझ्यातून पार लाल फोनापर्यंत गेला असेल. मग म्हणाला, "बरं."

दिग्दर्शिका 'कट' म्हणायला विसरली. ती म्हणाली तेव्हा दिवेवाल्याने आधी टाळी वाजवली आणि दुसऱ्या नटाला फोन करायला निघालेला माणूस दारातूनच परत आला. माझ्या अंगावरचे ओझे कोणीतरी उतरवून घेतल्यासारखे मला हलके वाटले.

सगळे जेवायला गेले, पण काकाने रिसीव्हर खाली ठेवला नाही.

"आहेस का गं अजून?"

"आहे ना."

"तो माझा उलट्या फोनचा व्हिडिओ... तुझ्या ऑफिसातले लोक हसतात तेव्हा तू काय करतेस?"

"मीपण हसते, बाबा. फार वाईट काम केलं होतंत हो तुम्ही."

काका हसला. खांदे न हलवता, आवाज न चढवता, अगदी घरातल्यासारखा हसला.

मित्रांनो, तुमचे फोन माझ्याहून हुशार आहेत. त्यांच्या पलीकडे नेहमीच खरे माणूस असते. त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबत जा. मी एका आवाजाची आयुष्यभर वाट पाहिली, म्हणून सांगतो. हो, आणि फोन सुलटा धरा.

काकाने त्या दिवशी शेवटी एक प्रश्न विचारला. "आणि आज? आज कसं झालं?"

विचारून तो थांबला. उत्तर त्याने स्वतः देऊन टाकले नाही.

"मी इकडच्या खोलीत होते, मला काही दिसलं नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही ऐकत होतात, एवढं मला कळलं."