बाण आला आणि माझी करकर गेली

मी एक जुनी फळी आहे. साधीसुधी नाही हं, व्हिडिओ गेममधली! एका मोठ्या बंगल्याच्या जिन्यात माझी जागा. आमच्या गेममध्ये मारामारी नाही. चोरपावलांनी बंगल्यात शिरायचं, पहारेकऱ्यांना चकवायचं आणि वरच्या मजल्यावरचा नकाशा घेऊन गुपचूप बाहेर पडायचं. पण माझ्यावर पाय पडला, की मी अशी करकरते की सगळे पहारेकरी धावत येतात. संपला खेळ!

माझा आवाज मात्र खराखुरा आहे, मित्रांनो. गेमसाठी आवाज गोळा करणाऱ्या एका मुलीच्या घरचा जिना हे माझं माहेर. तिचे बाबा बस चालवतात. तिने पायरीपाशी माईक धरला आणि बाबांना वर-खाली करायला लावलं. "अगं, पुरे की आता! ब्रेक दाबून गुडघे आधीच गेलेत," असं म्हणत ते चढत-उतरत राहिले. मधोमध पाय पडला की करकर, भिंतीलगत पडला की चिडीचूप. लेकीने मला जशीच्या तशी गेममध्ये बसवलं.

पहिल्या भागात माझा काय थाट होता! खेळणारे मला शिव्या घालायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याचपाशी यायचे. कुणी श्वास रोखून, कुणी जीभ दाताखाली धरून. भिंतीलगतची वाट ज्याला सापडायची, तो खुर्चीतून उडीच मारायचा. ते कौतुक माझंच होतं, दुसऱ्या कुणाचं?

मग कंपनीला वाटलं, हा गेम थोड्याच लोकांना जमतो. कामावरून दमून आलेल्या, घटकाभर सहज म्हणून खेळणाऱ्यांनीही तो घ्यायला हवा. झालं! दुसऱ्या भागात पहारेकऱ्यांना कमी ऐकू यायला लागलं. तिसऱ्या भागात माझ्यावर गालिचा पडला. आणि चौथ्या भागात तो आला, सोनेरी बाण. इकडे वळा, तिकडे वळा, सरळ जा! नुसता झगमगाट, आणि अक्कल... जाऊ दे. त्याला पाहिलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जमिनीकडे कुणी बघेनासंच झालं. जाहिरातीत बाण, गेमच्या खोक्यावर बाण. खोक्यावर मी कधीच नव्हते, मित्रांनो, एकदाही नाही. खोटं कशाला बोलू, मी जळत होते.

पाचव्या भागाच्या वेळी ऑफिसातल्या मुख्य बाई म्हणाल्या, "ती फळी काढूनच टाका. नवी माणसं तिथे वैतागतात." लेक हटून बसली. शेवटी ठरलं, की गालिचा काढायचा आणि कधीच गेम पुरा न केलेल्या माणसाला खेळायला बसवायचं. तो माझ्यापाशी खेळ सोडून उठला, तर मी कायमची जाणार. असा माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. लेकीचे बाबा पहिल्या भागात दर वेळी बंगल्याच्या दारातच पकडले जायचे आणि पुढचे भाग त्यांनी खेळलेच नव्हते, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. लेकीने मात्र अवाक्षर काढायचं नाही, अशी अट होती.

बाबा बाणाच्या मागून निघाले आणि पहिल्यांदाच जिन्यापर्यंत पोचले. माझं माणूस, आणि माझ्यापर्यंत त्याला आणलं कुणी? त्या बाणाने! मला इतका राग आला की विचारू नका. बाण माझ्या मधोमध सरळ वर गेला होता. बाबांनी पाय टाकला. करकर! पकडले गेले. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच.

"छे बुवा, आपलं काम नाही हे," म्हणत बाबा कंट्रोलर ठेवून उठायला लागले. लेकीचा चेहरा पडला. ज्या आवाजाचा एवढा तोरा मिरवला, तोच आता माझ्या मुळावर आला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण मुके असतो तर बरं झालं असतं.

बाबा अर्धे उठलेले तसेच थांबले. "अगं, ही तर आपल्या जिन्यातली!"

ते पुन्हा बसले. बाणाकडे पाहिलंच नाही. भिंतीला खेटून, हळूहळू वर गेले. मी हूं की चूं केलं नाही. "दुपारी ड्युटीवरून यायचो तेव्हा तू पाळण्यात झोपलेली असायचीस. तेव्हा असाच चढायचो," बाबा म्हणाले. लेकीने डोळे पुसले. मुख्य बाई म्हणाल्या, "राहू दे फळी."

"आणि तो बाणही राहू द्या हं," बाबा म्हणाले. "फार गुणी आहे." गुणी म्हणे! केवढं लागलं माझ्या जिवाला.

पुढचं ऐका. नव्या माणसांना त्रास नको, म्हणून पाचव्या भागात माझ्यापाशी बाणाला भिंतीकडे वळवलं. आता सगळे माझ्या कडेकडेने जातात. मी आहे, पण माझा आवाज कुणी ऐकत नाही.

मित्रांनो, सेटिंगमध्ये जाऊन तो बाण बंद करता येतो. एकदा तरी करा. चुका, पकडले जा, पायाखालचं ऐका. आणि तुमच्या घरात एखादी पायरी, एखादं दार करकरत असेल, तर लगेच त्याचं तोंड बंद करू नका. त्या आवाजानेच कुणीतरी घरी आल्याचं कळत असतं.

बाबा अजून खेळतात. बाण भिंतीकडे वळतो आणि बाबा मुद्दाम माझ्या मधोमध पाय ठेवतात. करकर! पहारेकरी धावतात. "पकडले गेलात ना परत?" लेकीची आई आतून ओरडते आणि बाबा हसत सुटतात. बाण तेवढा वेळ भिंतीपाशी एकटाच चमकत उभा असतो.