सात पिढ्या आणि एक पासवर्ड

नारीन या डोंगराळ शहराच्या बाजारात एका लोखंडी कंटेनरमध्ये माझं फोन दुरुस्तीचं दुकान आहे. बॅकअप घेऊन ठेवा म्हणून मी घसा कोरडा करते आणि लोक फोन ओढ्यात नाहीतर घोड्याच्या पायाखाली गेल्यावर उगवतात.

बुरुल आपा आल्या त्या गेल्या हिवाळ्यात वारलेल्या नवऱ्याचा फोन घेऊन. पडदा तडकलेला, बॅटरी फुगलेली. फोन शेवटच्या घटका मोजत होता.

"यात म्हाताऱ्याचा आवाज आहे," आपा म्हणाल्या. "सात पिढ्यांची नावं सांगून ठेवलीत, नातवासाठी. मुलाला तर आजोबांच्या पुढे काही येत नाही. एवढं वाचव गं पोरी."

"तुम्हाला पाठ नाहीत?"

"पाठ आहेत. पण मी त्या घरची सून!"

सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही. म्हणजे फोन गेला की ती नावं तोंडाने सांगणारं कुणी उरणार नाही.

मी वायर जोडली आणि संगणकावर काळी खिडकी उघडली. माऊसचे लाड मला जमत नाहीत. एका ओळीची आज्ञा लिहिली की सगळा फोन निमूट इकडे ओढला जातो. फक्त कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचं ते सांगावं लागतं.

"फोल्डरला नाव काय देऊ?"

"लिही, म्हातारा."

लिहिलं. पण फोनला कुलूप.

"पासवर्ड?"

आपा डोक्यावरच्या रुमालाचं टोक चाचपू लागल्या.

"माहीत नाही?"

"आहे की. सासऱ्यांचं नाव आहे. मी फोन उघडू नये म्हणून मुद्दाम ठेवलंय मेल्याने!"

मी कपाळावर हात मारला. "माझ्या कानात सांगा."

"लाज नाही वाटत? तोंड फिरव तिकडे. बोटाला काही जीभ नसते."

मी भिंतीकडे तोंड केलं. आपांनी एकेक अक्षर शोधून दाबलं. पडद्यावर नुसते ठिपके उमटले.

"बघ," त्या खूश होऊन म्हणाल्या, "फोनलासुद्धा रीतभात आहे."

संगणकाला परवानगी दिली आणि आज्ञा सोडली. आकडा रखडत चढायला लागला, फोन तव्यासारखा तापला. आपा त्याला पंख्यासारखा रुमाल हलवून वारा घालत होत्या. शंभर टक्के झाले तेव्हा आम्ही दोघींनी एकदमच श्वास सोडला.

मी आवाजाची फाइल लावली. म्हातारबा खाकरले. एकामागून एक नावं आली. आपांनी मान खाली घातली.

"विसरलास तर आजीला विचार," म्हातारबा पुढे म्हणाले. "तिला सगळी येतात, पण बोलणार नाही. माझंसुद्धा नाव कधी घेतलं नाही तिने. तेवढं ऐकायचं राहिलं बघ." मग चहाचा घोट घेतल्याचा आवाज, आणि संपलं.

आपा हसल्या, मग रडल्या. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं.

"फोल्डरचं नाव बदलता येतं का गं?"

"येतं."

त्यांनी दाराकडे पाहिलं, रुमाल ओठांवर ओढला आणि पुटपुटल्या, "कादिरकुल."

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी म्हटलं, "ऐकू नाही आलं, आपा. मोठ्याने!"