लिकोंग्वेंचा पासवर्ड

झोम्बा शहरातल्या जमीन कचेरीत रोज सकाळी साडेसातला एक सोहळा व्हायचा. टंकलेखिका मायी नाचिसाले वाटीभर भाजलेले शेंगदाणे घेऊन तळमजल्यावर लिकोंग्वेंकडे उतरायच्या आणि म्हणायच्या, “बाम्बो, तुमची लेक झोपलीय. चला, उठवा तिला.”

मायी म्हणजे आई, बाम्बो म्हणजे बाबा; तिकडे मोठ्यांना मानाने असंच म्हणतात. आणि लेक म्हणजे वरच्या खोलीतलं मोठं मशीन. सगळ्या जिल्ह्याच्या जमिनींच्या नोंदी त्यात होत्या. लिकोंग्वे शेंगदाणे तोंडात टाकत वर जायचे, सगळ्यांना पाठ फिरवायला लावायचे आणि पासवर्ड टाकायचे. अकरा वर्षं हेच. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि त्या मुठीवरच त्यांचा सगळा रुबाब.

आता सरकारने ठरवलं, की खात्याखात्याची मशिनं खात्याखात्यात नकोत. सगळी राजधानीत एका छपराखाली ठेवायची आणि तिथूनच चालवायची. हे मशीन न्यायला राजधानी लिलोंग्वेहून वातिपासो आला. वय अठ्ठावीस, दात पांढरेशुभ्र, बूट त्याहून चकचकीत. तासाभरात तो सगळ्यांना नावाने हाका मारू लागला. साहेबांनी त्याला स्वतःची खुर्ची दिली. लिकोंग्वेंनी तेही गिळलं. पण मायींनी शेंगदाण्यांची वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि “खा रे बाळा, लांबून आलास,” म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन जाणार याचं दुःख होतंच. पण मत्सर वाटला तो वाटीचा. ती वाटी त्यांची होती.

“बाम्बो, तेवढा पासवर्ड द्या,” वातिपासो अदबीने म्हणाला. “नोंदी उतरवून घेतो आणि निघतो.”

“विसरलो.”

“काय?”

“विसरलो म्हटलं ना! तुमच्या राजधानीत विसरायलाही परवानगी लागते का?”

“अहो, काल तर उघडलंत!” साहेबांना घाम फुटला. बाहेर बाकांवर लोक खोळंबले होते.

“कालचं काल.”

लिकोंग्वे हाताची घडी घालून बसले. आता हे पोरगं गयावया करणार आणि वाटी इकडे सरकणार, असं त्यांनी मनात धरलं होतं.

मायी उठल्या. कमरेला गुंडाळलेलं चितेंजे त्यांनी घट्ट केलं, मशिनापुढे बसल्या आणि खाली न बघता बोटं चालवली. मशीन उघडलं.

साहेबांनी आ वासला. लिकोंग्वेंचा चेहरा खर्रकन उतरला. “कधीपासून?” ते कसेबसे म्हणाले.

“तुम्हाला मलेरिया झाला होता ना, आठ दिवस कचेरी कशी चालली, कधी विचारलंत? तुमच्या गावाचं नाव आणि जुन्या सायकलचा नंबर. हे ओळखायला काय राजधानीतून माणूस आणायचा?”

“त्याला सात वर्षं झाली!”

“झाली.”

“मग रोज खाली कशाला यायचात?”

मायींनी त्यांच्याकडे बघितलं नाही. “एकटीने शेंगदाणे खाववत नाहीत मला,” त्या हळूच म्हणाल्या.

वातिपासोने कागद काढला. “पासवर्ड कुणी दिला ते लिहायचंय.”

“लिही, बाम्बो लिकोंग्वेंनी,” मायी म्हणाल्या. “त्यांना आठवला.”

लिकोंग्वेंनी मान खाली घालून सही केली. लाज इतकी वाटली, की मशीन गाडीत चढवताना ते बाहेरसुद्धा आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेसातला जिन्यावर पावलं वाजली नाहीत. पावणेआठ झाले, आठ झाले. मशीन गेलं, तसं निमित्तही गेलं. मायी त्या पोराशी फोनवर हसत असतील, असं मनात आलं आणि पुन्हा पोटात दुखलं. शेवटी लिकोंग्वे उठले, कठड्याला धरून पायऱ्या चढले आणि दारात घुटमळले.

मायींच्या टेबलावर वाटी काठोकाठ भरलेली होती. एक दाणाही कमी झाला नव्हता.

“अकरा वर्षं मी उतरले,” मायी म्हणाल्या. “आज म्हटलं, बघू, कुणी चढतंय का.”